रेझिस्टन्स बँडचा पाच रंगांचा सेट: आईच्या पायातली ताकद परत आणताना काय कामाला आलं, काय नाही

घरात कुणाला खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतोय, जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढावं लागतंय, आणि त्यासाठी काहीतरी शोधताना हे रंगीत रबरी पट्टे समोर आले असतील तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी आहे. जिमला जाणाऱ्यांसाठी भरपूर रिव्ह्यू आहेत, त्यात हा कलर चांगला तो कलर चांगला सगळं आहे, पण ज्याच्या पायात त्राणच उरलेलं नाही त्याने हे वापरायचे का, कधी, कसे, हे कुणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. आधी निकाल सांगते. पाचपैकी चार स्टार. बँड उत्तम आहेत, एक स्टार कापला तो सोबतच्या पुस्तिकेसाठी आणि डब्यावरच्या दाव्यासाठी. आणि घ्यायच्या आधी एक काम करायचंय, ते म्हणजे कमजोरी नेमकी कशामुळे आलीय ते डॉक्टरकडून कळून घ्यायचं. ते न करता बँड मागवला तर कधी उपयोग होत नाही आणि कधी चक्क नुकसान होतं.

डब्यात काय येतं ते पटकन. पाच सपाट पट्टे, प्रत्येक साधारण दीड मीटरचा, पंजाएवढा रुंद, पिवळा लाल हिरवा निळा आणि काळा. दारात अडकवायचा एक अँकर, जाळीची पिशवी, चित्रांची पुस्तिका. लेटेक्सचे आहेत, सुरुवातीला रबराचा वास येतो, दोन दिवस हवेशीर ठेवले की जातो. ज्यांना लेटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी लेटेक्स-फ्री लिहिलेलेच घ्या, अंगावर पुरळ, खाज हे झालं तर वापरणं लगेच थांबवा.

रंग म्हणजे जाडी आणि जाडी म्हणजे ताकद, हे सगळ्यांना माहिती असतं, पण आकडे बघितले की खरा अंदाज येतो. थेराबँड या कंपनीच्या तक्त्यात मूळ लांबीच्या दुप्पट ताणल्यावर पिवळा साधारण १.४ किलोचा जोर लावतो, लाल १.७, हिरवा २.१, निळा २.६ आणि काळा ३.३. म्हणजे एका रंगावरून पुढच्या रंगावर जाताना उडी लहान असते, आणि कमजोर माणसासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण डंबेलमध्ये एक किलोनंतर एकदम दोन किलो आला तर जोर दुप्पट होतो आणि सांधा बोंबलतो. पण लक्षात ठेवा, सगळ्या कंपन्यांचे रंग सारखे नसतात, एकाचा लाल तो दुसऱ्याचा हिरवा असू शकतो, म्हणून जुना बँड फाटला आणि दुसऱ्या कंपनीचा त्याच रंगाचा आणला तर पहिल्या दिवशी जपून.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे जोर हा किती सेंटीमीटर ताणला यावर नाही, मूळ लांबीच्या किती पट ताणला यावर ठरतो. हातात पट्ट्याचा छोटा तुकडा धरून ताणला तर तोच पिवळा बँड एकदम जड वाटायला लागतो, लांब तुकडा धरला की हलका. आम्ही जवळपास एक महिना रंग बदललाच नाही, फक्त पकड थोडी थोडी आखूड करत गेलो, त्याने आईला कुठेही झटका बसला नाही.

आता आईबद्दल, म्हणजे हा रिव्ह्यू कुणाच्या अनुभवावर आहे ते कळेल. वय सत्तरीच्या पुढे. न्यूमोनिया झाला, हॉस्पिटल, मग घरी आल्यावरही बराच काळ पलंगावर. फुफ्फुसं बरी झाली, ताप गेला, पण पायावर उभं राहता येईना. सगळे म्हणत होते वय झालं, आजारपणाचा अशक्तपणा आहे, आराम कर. आणि आरामानेच तर पाय गेले होते! २००७ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, तब्येतीने चांगल्या असलेल्या वयस्क लोकांना फक्त १० दिवस पलंगावर ठेवलं तर त्यांच्या पायांमधलं जवळपास एक किलो मांस कमी झालं. निरोगी लोकांचं. मग तापातून उठलेल्या माणसाचं काय होत असेल. म्हणून कुणी वयस्क माणूस आजारी पडला की डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज थोडा वेळ तरी बसवा, उभं करा, दोन पावलं चालवा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

डॉक्टरांनी मात्र लगेच व्यायाम सांगितला नाही, आधी प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न मला इतके उपयोगी वाटले की इथे लिहितेय. केस विंचरताना, वरच्या फळीवरची वस्तू काढताना, खाली बसून उठताना त्रास होतो का? म्हणजे खांदा आणि मांडी, शरीराच्या मधल्या भागाजवळचे मोठे स्नायू. की चालताना चप्पल पायातून निसटते, पाऊल घासतं, बाटलीचं झाकण उघडत नाही, बटण लावता येत नाही? म्हणजे पाऊल आणि पंजा, टोकाकडचे स्नायू. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा स्नायूतच काही बिघडलेलं असतं किंवा थायरॉइड, व्हिटॅमिन डी, स्टेरॉइडच्या गोळ्या असलं काही कारण असतं, दुसऱ्या प्रकारात नसांकडे बघतात, डायबेटिसमुळे नसा खराब होणं, कमरेत नस दबणं वगैरे. दर वेळी असंच असतं असं नाही, पण तपासणीला दिशा मिळते. मग एकाच बाजूला आहे की दोन्ही? अचानक आली की हळूहळू? सकाळी बरं वाटून संध्याकाळी वाढते का? मुंग्या येतात, बधीर होतं का? आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत.

शेवटच्या प्रश्नाला घरातली गोळ्यांची सगळी पिशवीच घेऊन जा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काही लोकांचे स्नायू दुखतात आणि कमजोर होतात, लघवी जास्त व्हायच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम खाली जातं आणि पोटॅशियम खाली गेलं की पाय लोळागोळा होतात, बराच काळ स्टेरॉइड घेतलं तर मांड्या बारीक होतात. पण म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही हं. स्टॅटिन हार्टसाठी दिलेली असते, ती डॉक्टर बदलून देतात किंवा डोस कमी करतात. स्टॅटिन चालू असताना अंग खूप दुखतंय आणि लघवी गडद चहासारखी होतेय असं झालं तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आईच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइडसाठी टीएसएच, पोटॅशियम, कॅल्शियम, शुगर, बी१२, व्हिटॅमिन डी आणि सीके. सीके म्हणजे स्नायू तुटत असतील तर रक्तात वाढणारं एन्झाइम, ते नॉर्मल आलं. व्हिटॅमिन डी बरंच कमी निघालं, त्याचं औषध सुरू केलं, बाकी ठीक. म्हणजे निष्कर्ष असा की मुख्य कारण न वापरल्यामुळे झिजलेले स्नायू, आणि त्यात भर डी कमी असण्याची. असल्या कमजोरीवर जोर लावायचा व्यायाम हाच खरा इलाज आहे, आणि तिथेच हे बँड कामाला येतात.

पण सगळ्याच कमजोरीवर नाही, आणि हा परिच्छेद कृपया सोडू नका. एका बाजूचा हात किंवा पाय अचानक गळाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं तर तो स्ट्रोक असू शकतो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेव्हा "थोडं झोपून बघू" करायचं नाही, अँब्युलन्स. पायांच्या मुंग्यांपासून सुरू होऊन कमजोरी काही दिवसांत वर वर चढत चालली असेल, विशेषतः आधी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेला असेल, तर गुईलाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार असू शकतो, त्यात श्वासाचे स्नायूही सापडतात, घरी थांबायचं नाही. कंबर दुखतेय, दोन्ही पाय ढिले पडलेत आणि लघवी अडकलीय किंवा बसायची जागा बधीर झालीय, ही सुद्धा त्याच दिवशीची इमर्जन्सी. श्वास लागणं किंवा गिळता न येणं कमजोरीसोबत असेल तर तेही.

आणि एक आजार आहे मायस्थेनिया ग्रेव्हिस, त्यात पापण्या खाली येतात, एकाचे दोन दिसतात, जेवताना चावून चावून जबडा थकतो, विश्रांती घेतली की पुन्हा बरं, संध्याकाळी पुन्हा वाईट. तिथे "अजून दहा वेळा कर" म्हणणं चुकीचं आहे, औषध बसल्यावर न्यूरॉलॉजिस्ट सांगतील तेवढंच. लहान मुलांच्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाणाऱ्या आनुवंशिक आजारातही तसंच, जोराचा व्यायाम, खास करून स्नायू ताणला जात असताना जोर लावायचा प्रकार, त्या स्नायूंना इजा करू शकतो. असल्या मुलांसाठी हौसेने हे बँड कुणी आणू नका, त्यांचा प्रोग्रॅम वेगळा असतो आणि तो त्यांच्या टीमनेच ठरवायचा असतो.

म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात "स्नायूंची कमजोरी घालवा" लिहिलंय ना, ते मला अजिबात पटलेलं नाही. कुठली कमजोरी? खाली बारीक अक्षरात एक ओळ टाकली असती की आधी तपासणी करून घ्या, तर किती बरं झालं असतं.

आता वापराकडे येते. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी बँड बाजूलाच ठेवायला सांगितला. त्यांनी हाताने एकेक स्नायू तपासला, त्याला ० ते ५ मार्क देतात, ही पद्धत इंग्लंडच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून वापरात आहे. ० म्हणजे काहीच हालचाल नाही, १ म्हणजे स्नायू आत नुसता फुरफुरतो, २ म्हणजे पाय बेडवर सरकवता येतो पण उचलता येत नाही, ३ म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण उचलता येतो पण जरा हात लावला की पडतो, ४ म्हणजे थोडा विरोध सहन करतो, ५ नॉर्मल. आईच्या मांड्यांचा मार्क ३ च्या थोडाच वर होता. आणि सरळ गोष्ट आहे, ज्याचा मार्क ३ आहे त्याच्यासाठी स्वतःचा पाय हेच वजन आहे, त्याला बँड लावला तर तो पाय अर्धाच वर जाणार, कमरेतून झटका देणार, आणि आपण म्हणणार व्यायाम होतोय. मॅडमचं वाक्य होतं, पूर्ण वर जाऊन पूर्ण खाली सावकाश येऊ दे, आठ-दहा वेळा सलग आरामात जमलं की मग पिवळा उघडा. त्यामुळे पहिले काही आठवडे डबा कपाटातच होता आणि ते बरोबरच होतं.

मोजमापाचा दुसरा प्रकार घरी करता येतो आणि त्याला काही विकत घ्यावं लागत नाही. हात नसलेली, न हलणारी खुर्ची, पाठ भिंतीला टेकवलेली. हात छातीवर क्रॉस, आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं, मोबाइलवर वेळ लावायची. वयस्कांचे स्नायू झिजलेत का ते ठरवायच्या युरोपच्या २०१९ च्या निकषात १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांची ताकद कमी धरतात, आशियाच्या निकषात, तोही २०१९ चाच, १२ सेकंद किंवा त्याहून जास्त. पंजाची ताकद मोजायचं ग्रिप मीटर मॅडमकडे होतं, आशियाच्या निकषात बायकांना १८ किलोच्या खाली आणि पुरुषांना २८ किलोच्या खाली आलं तर कमी. वयाबरोबर स्नायू असे झिजण्याला सार्कोपेनिया म्हणतात, हे नाव १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवलं. आईला पहिल्यांदा हात न लावता एकदाही उठता आलं नाही. मॅडमनी तेही कागदावर लिहिलं, शून्य, आणि म्हणाल्या इथून मोजायचं. ही टेस्ट करताना वयस्क माणसाच्या शेजारी कुणीतरी उभं राहायलाच हवं.

मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटला कारण कमजोरीत "आज बरं वाटतंय, आज नाही" असं खूप होतं, घरातले पण त्या मूडप्रमाणे वर-खाली होतात. आणि थकवा वेगळा, ताकद कमी होणं वेगळं. थकलेला माणूस जोर लावला की उठतो, मग दमतो. कमजोर माणसाने कितीही मनापासून जोर लावला तरी पहिल्याच वेळी उठता येत नाही. आई "मला कंटाळा आलाय" म्हणायची तेव्हा आम्हाला वाटायचं मनाचं आहे, खुर्चीच्या टेस्टने दाखवलं की मनाचा काही दोष नव्हता. उलटही होतं, ताकद नॉर्मल निघते आणि थकवा रक्त कमी असल्याचा, झोपेचा, डिप्रेशनचा असतो, तिथे बँड घेऊन बसण्यात अर्थ नाही, त्याचा इलाज दुसरा आहे.

बँड सुरू झाल्यावर तीनच व्यायाम होते, पुस्तिकेत पंचवीसेक आहेत. एक, खुर्चीत बसून, बँडची गाठ खुर्चीच्या पुढच्या पायाला, दुसरा भाग घोट्याभोवती, आणि पाय समोर सरळ करायचा, मांडीच्या पुढच्या स्नायूसाठी. दोन, दोन्ही गुडघ्यांच्या जरा वर बँड बांधून बसल्या बसल्या गुडघे बाहेर फाकवायचे, हा कमरेच्या बाजूच्या स्नायूसाठी, चालताना डुगडुगणं याच्याने कमी होतं. तीन, तळपायाखालून बँड घेऊन दोन्ही टोकं हातात धरायची आणि गाडीचा ॲक्सिलरेटर दाबल्यासारखं पाऊल पुढे दाबायचं, पोटरीसाठी. आणि बँडशिवायचा चौथा, खुर्चीतून उठणं-बसणं, मॅडमच्या मते चारातला सगळ्यात महत्त्वाचा हाच, सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवायची आणि जमेल तशी उशी कमी करायची.

एका दिवसाआड, प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन फेऱ्या. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत पण चेहरा वाकडा करून, अंग झटकून नाही. बारा सहज व्हायला लागले की पकड आखूड करा किंवा रंग वाढवा. वाढवत न्यायचं हे विसरू नका कारण बरेच लोक वर्षभर तोच पिवळा बँड तितकाच ताणत बसतात आणि म्हणतात फरक नाही. हळूहळू भार वाढवायची ही पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेत लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांवर वापरली, तेव्हापासून रिहॅबचा पाया तोच आहे. श्वास रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा, बीपी असलेल्यांनी तर नक्कीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या तर घाबरू नका, तो स्नायूचा असतो आणि जातो, पण सांध्यात टोचलं, सूज आली, छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं.

बँडची एक खोड सांगते. जितका ताणाल तितका तो परत खेचतो, म्हणजे पाय सरळ होण्याच्या शेवटच्या टप्प्यात जोर सगळ्यात जास्त, आणि नेमकं तिथेच कमजोर मांडी सोडून देते आणि पाय धाडकन खाली येतो. ते खाली येणं सावकाश, तीन मोजत केलं तर त्याचा फायदा मोठा आहे. शेजारी बसून आकडे मोजायचं काम मी घेतलं होतं, नाहीतर आई घाईघाईत आटपून टाकायची.

फरक कधी दिसला? पहिल्या काही आठवड्यांत जोर वाढल्यासारखा वाटतो तेव्हा मांडी काही जाड झालेली नसते, मेंदू आणि नसा आहे त्याच स्नायूतले जास्त धागे एकदम कामाला लावायला शिकतात. स्नायू खरंच भरायला दीड-दोन महिने आणि पुढे लागतात. हे आधीच माहिती असल्यामुळे टेप घेऊन मांडी मोजत बसलो नाही, खुर्चीचेच आकडे लिहिले. साधारण दुसरा महिना संपताना आई हात न लावता पाच वेळा उठली, वेळ अजून बराच लागत होता, पण उठली. आता १५ सेकंदांच्या आत आहे, १२ च्या आत अजून नाही. हिरव्या बँडवर आहे. बाथरूममधून उठायला मला हाक मारत नाही, आणि मला विचाराल तर या सगळ्यात मोठा आकडा तोच आहे.

वयाचं कारण देणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. १९९० मध्ये अमेरिकेत नर्सिंग होममधल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा जड वजनाचा व्यायाम दिला होता, ज्यांनी पूर्ण केला त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. नव्वदीतल्या लोकांची! आणि बँड विरुद्ध मशीन म्हणाल तर २०१९ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा ताकद वाढण्यात दोन्हीत विशेष फरक निघाला नाही. म्हणून जिम लांब आहे, वजनं नाहीत हे कारण राहत नाही.

खाण्याबद्दल थोडंसंच, कारण हा बँडचा रिव्ह्यू आहे. स्नायू बांधायला प्रोटीन लागतं, वयस्कांसाठी तज्ञ रोज वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात, आजारातून उठलेल्यांना त्याहून थोडं जास्त, पण किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. नुसतं प्रोटीन वाढवून व्यायाम न करता फार काही होत नाही.

आता तक्रारी. पुस्तिकेतली सगळी चित्रं पिळदार मुलांची, उभं राहून, एका पायावर, जमिनीवर पालथं झोपून. जमिनीवर गेलेल्या कमजोर माणसाला परत उठवायचं कसं याचा विचारच नाही. बसून करायचा एकही व्यायाम नाही, शून्यापासून सुरुवात कशी करायची ते नाही, ताणाचे किलोतले आकडे नाहीत, फक्त "लाइट, मीडियम, हेवी". दाराचा अँकर आम्ही वापरलाच नाही, दार कुणी अचानक उघडलं तर बँड सुटून थेट तोंडावर येतो, डोळ्याला लागू शकतं. अँकर वापरायचाच असेल तर दार तुमच्याकडे न उघडणाऱ्या बाजूने लावा आणि कुलूप घाला. गाठ मारलेली जागा लवकर झिजते, दर वेळी वापरायच्या आधी उजेडात धरून बारीक चिरा, पांढरे पट्टे, भोकं बघा, दिसलं की फेकून द्या, चिकटवत बसू नका. मूळ लांबीच्या तिपटीपेक्षा जास्त ताणू नका. अंगठ्या काढून ठेवा. उन्हात ठेवू नका, एकमेकांना चिकटले तर जरा टाल्कम पावडर लावा.

इतर पर्यायांबद्दल बरेच जण विचारतात म्हणून. बंद गोल लूप मिळतात ते मांडीवर गुंडाळले जाऊन दोरीसारखे रुततात, वयस्कांची कातडी नाजूक असते, सपाट पट्टाच बरा. हँडलवाली ट्यूब हातांना चांगली, पायाला अडकवायला गैरसोयीची. घोट्याला बांधायचे वेट कफ मात्र चांगले आहेत, ज्याच्या बोटांत गाठ मारायची ताकद नाही आणि एकटा राहतो त्याने बँडऐवजी तेच घ्यावेत. हातात दाबायचा स्पंज बॉल पंजापुरता ठीक, त्याने पायात काही येत नाही. करंट देऊन स्नायू हलवायच्या मशीन घरबसल्या मिळतात, स्ट्रोकनंतर किंवा स्वतःहून स्नायू आवळताच येत नसेल तेव्हा फिजिओ त्या वापरतात, पण ज्याला स्वतः पाय उचलता येतो त्याने बसून मशीन लावण्यापेक्षा पाय उचलावा, आणि पेसमेकर असलेल्यांनी तर त्यापासून लांबच राहावं.

घ्यायचा का? कारण कळलेलं असेल आणि डॉक्टर किंवा फिजिओने जोर लावायच्या व्यायामाला हो म्हटलं असेल तर नक्की घ्या. पूर्ण सेटच घेतला पाहिजे असं नाही, पिवळा लाल आणि हिरवा सुटे मिळाले तर घरातल्या वयस्क माणसाला पुष्कळ काळ पुरतात, आमचा निळा आणि काळा मीच वापरते. विक्रेत्याला मी लिहिलंय की खुर्चीत बसून करायच्या व्यायामांचं एक पान टाका आणि डब्यावर "आधी तपासणी करा" ही ओळ छापा. अजून उत्तर नाही. छापली तर पाचवा स्टार देईन.